‘थांबून बघू’ म्हणजे किती थांबायचं?

गेल्या अंकात बाळाच्या बोलण्याच्या टप्प्यांबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांत विचारणा ऑटिझमचीच आहे. त्यामुळे झोप, दात आणि रात्रीचं रडणं पुढच्या महिन्यावर ढकलते. लहान मुलांच्या विकासाची तपासणी हेच माझं रोजचं काम असल्याने हे प्रश्न मला नवे नाहीत, पण पत्रात माणसं मोकळेपणाने लिहितात. ओळख पटेल असा मजकूर काढून टाकला आहे.

प्रश्न : आमची मुलगी २० महिन्यांची आहे. हाक मारली की कधी बघते, कधी नाही. परवा रात्री मोबाइलवर तो २० प्रश्नांचा फॉर्म सापडला. भरला तर ४ गुण आले आणि खाली ‘मध्यम जोखीम’ असं लिहून आलं. बायकोला अजून बोललो नाही, ती घाबरेल. ४ गुण म्हणजे ऑटिझम आहे असं समजायचं का? – एक बाबा

उत्तर : आधी बायकोला सांगा. ती घाबरेल हे खरं आहे. पण मुलीचा दिवस जिच्याबरोबर जातो तिला न विचारता, रात्री एकट्याने भरलेल्या फॉर्मवर मी फारशी विसंबत नाही. उद्या दोघं मिळून पुन्हा भरा.

तुम्ही भरलात तो बहुधा एम-चॅट-आर. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठीचा, हो-नाही उत्तरांचा. २ पर्यंत गुण आले तर जोखीम कमी, ३ ते ७ मध्यम, ८ किंवा जास्त आले तर अधिक. यात दोन ठिकाणी पालक हमखास गडबडतात. एक म्हणजे २, ५ आणि १२ हे प्रश्न उलटे आहेत. मुलाला ऐकू येत नसेल का असं कधी वाटलं का, ते डोळ्यांजवळ बोटांच्या विचित्र हालचाली करतं का, रोजच्या आवाजांनी त्रासतं का. इथे ‘हो’ला गुण लागतो. बाकी सतरा प्रश्नांत ‘नाही’ला लागतो, म्हणून हाताला ‘हो’ची सवय होऊन जाते. दुसरं म्हणजे फॉर्म विचारतो ते मूल नेहमी काय करतं. एखाद-दोनदा केलं असेल तर उत्तर ‘नाही’. बरेच बाबा इथे उदार होतात. तुम्ही झालेले दिसत नाही.

आता ४ गुणांचं. ताप मोजला आणि पारा चढलेला दिसला म्हणून कुणी लगेच टायफॉइडचं औषध सुरू करत नाही, पुढची तपासणी करतो. इथेही तसंच. मध्यम जोखीम आली की त्याच फॉर्मचा दुसरा भाग करायचा असतो. जिथे गुण लागला त्या प्रत्येक प्रश्नावर तज्ज्ञ तुम्हाला खोदून विचारतात. त्यानंतरही दोन किंवा अधिक गुण उरले तर मुलीची पूर्ण तपासणी. हा दुसरा भाग मोबाइलवर बहुतेक जण सोडून देतात आणि नेमकी तिथेच बरीच मुलं बाजूला निघतात. या चाचणीचा मोठा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात १६ हजारांहून जास्त मुलं होती. फॉर्म आणि मुलाखत या दोन्हींत अडकलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना ऑटिझम निघाला. मात्र या अडकलेल्यांतल्याच दर १०० पैकी साधारण ९५ मुलांना बोलण्याची, समजण्याची, काही ना काही अडचण होती. म्हणून ‘ऑटिझम नाही ना, मग झालं’ असं म्हणून घरी परतायचं नसतं.

त्या मुलाखतीत मी सगळ्यात जास्त वेळ कशावर घालवते ते सांगते, म्हणजे तुम्हाला घरी बघता येईल. बोट दाखवण्यावर. बोट दाखवतं का विचारलं की पालक लगेच ‘हो’ म्हणतात. मी विचारते, कशासाठी? वरच्या फळीवरचा चेंडू हवा म्हणून दाखवलेलं बोट वेगळं. आकाशात विमान दिसलं, मुलीने बोट केलं, मग मान वळवून तुमच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा विमानाकडे पाहिलं, तर ते बोट वेगळं. दुसऱ्या खेपेला तिला काहीही नको असतं. तिला दिसलं ते तुम्हालाही दिसावं, एवढंच. काही मुलं याउलट तुमचं मनगट धरून नेतात आणि डब्याच्या झाकणावर ठेवतात. त्यांना मदत हवी असते, पण त्यात तुमच्या चेहऱ्याचं काही काम नसतं. सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ब्रिटनमध्ये दीड वर्षाच्या मुलांसाठी पहिली चाचणी बनवली तेव्हा तीन गोष्टींवर भर दिला होता : दाखवण्यासाठी केलेलं बोट, मोठ्यांच्या नजरेमागे वळणारी नजर आणि खोटं-खोटं खेळणं. एम-चॅट त्याच घराण्यातली. आठवडाभर फक्त हे बोट बघा.

आणि हाकेला कधी बघते, कधी नाही असं असेल तर कानाची तपासणी याच आठवड्यात. ‘दार वाजलं की वळते, म्हणजे ऐकू येतं’ हे मला पटवू नका. काही आवाज ऐकू येतात आणि बोलण्यातले बारीक आवाज येत नाहीत, असं पुष्कळदा असतं.

प्रश्न : मोठी मुलगी ५ वर्षांची आहे, तिला ऑटिझम आहे. निदान साडेतीन वर्षांनी झालं. आता धाकटा ९ महिन्यांचा. मी त्याला पाजतानाही डोळ्यांत बघतोय का हे तपासत असते. सासूबाई म्हणतात, तू पोरात खोट शोधतेस. मेंदूच्या स्कॅनवरून आणि डोळ्यांच्या कॅमेऱ्यावरून बाळपणीच कळतं असं वाचलं. मला आत्ताच कळून घ्यायचं आहे. – दोन लेकरांची आई

उत्तर : सासूबाईंचं बोलणं लागलं असणार. पण तुमची भीती हवेतली नाही, आणि हे त्यांनाही वाचून दाखवा. ज्यांच्या थोरल्या भावंडाला ऑटिझम आहे अशा बाळांचा जन्मापासून मागोवा घेणारा गट आहे. त्यांच्या २०११ च्या अभ्यासात १८.७ टक्के बाळांना ऑटिझम निघाला, २०२४ मध्ये १,६०५ बाळांच्या अभ्यासात २०.२ टक्के. म्हणजे पाचात एक. थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा असेल तर हे प्रमाण त्याहून बरंच वर जातं. चौकशीला तुमच्याकडे सबळ कारण आहे. आणि मोठ्या संख्येने बाळांना ऑटिझम होतही नाही, हेही याच आकड्यात आहे.

आता पाजतानाच्या नजरेबद्दल. ती मोजणं आजपासून सोडा. पुढे ऑटिझम निघालेली बाळं सहाव्या महिन्यात इतर बाळांइतकीच चेहऱ्याकडे बघत होती, हसत होती, असं २०१० च्या एका काटेकोर अभ्यासात दिसलं. फरक दिसू लागला तो त्यानंतर, पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास, आणि तोही हळूहळू. तुम्ही वाचलेला डोळ्यांचा कॅमेरा खरा आहे. २०१३ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या संशोधनात २ ते ६ महिन्यांच्या बाळांची डोळ्यांकडे बघण्याची वेळ हळूहळू घटताना मोजली होती. पण ती घट यंत्रालाच दिसते, आईच्या डोळ्यांना नाही. अमेरिकेत अशा नजर टिपणाऱ्या यंत्राला २०२२ मध्ये परवानगी मिळाली, तीही १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी, निदानाला हातभार म्हणून. स्कॅनचंही तसंच. २०१७ च्या अभ्यासात तुमच्या बाळासारख्याच, म्हणजे थोरल्या भावंडाला ऑटिझम असलेल्या, १०६ बाळांचे सहाव्या आणि बाराव्या महिन्यात मेंदूचे एमआरआय काढले. ज्यांच्याबद्दल ‘ऑटिझम होईल’ असं भाकीत केलं त्यांतल्या १० पैकी ८ जणांना पुढे तो निघाला. आकडा भारी आहे, पण हे संशोधन आहे. दवाखान्यात जाऊन काढून घ्यायची तपासणी अजून झालेली नाही. कुणी ‘बाळाचा ऑटिझम स्कॅन’ म्हणून काही विकत असेल तर दाराबाहेरूनच नमस्कार करा.

मग नऊ महिन्यांत बघायचं काय? नाव. बाळ एखाद्या खेळण्यात रमलं असताना त्याच्या मागे, नजरेबाहेर उभ्या राहा आणि नेहमीच्या आवाजात नाव घ्या. थांबा, मग पुन्हा. टाळी नाही, चुटकी नाही, किल्ल्यांचा आवाज नाही, खांद्याला हात नाही. माझ्यासमोर ही तपासणी करताना दहातले नऊ पालक तिसऱ्या हाकेला टाळी वाजवतात आणि मग ‘बघा, वळला!’ म्हणून माझ्याकडे विजयाने बघतात. वळला तो टाळीला. नऊ महिन्यांच्या पुढे बाळाने बहुतेक वेळा नावाला वळायला हवं. वर्ष झालं तरी वळत नसेल तर ती नोंद घ्यायची.

दुसरं, आवाजांची देवाणघेवाण. तुम्ही ‘बाबाबा’ म्हणालात, तो काही म्हणाला, तुम्ही उत्तर दिलंत आणि तो पुढच्या पाळीची वाट बघत राहिला, असं होतं का? नुसती बडबड आहे का यापेक्षा पाळी घेतो का, हे बघा. येत्या तीन-चार महिन्यांत हात वर करून ‘उचल’ म्हणणं, टाटा करणं, हातातली वस्तू तुमच्यापुढे धरून दाखवणं यायला लागेल. बुवा-कुक खेळताना तुम्ही मध्येच थांबलात तर तो ‘पुन्हा कर’ असं काही खुणावतो का, हेही. यासाठी महिन्यातला एक दिवस ठरवा, त्या दिवशी बघा, वहीत लिहा आणि वही मिटून टाका. दिवसभर परीक्षक होऊन बाळाशेजारी बसलेली आई नीट खेळूच शकत नाही.

निदानाची घाईही नको. १,२६९ लहान मुलांच्या एका अभ्यासात १२-१३ महिन्यांना केलेलं निदान पुढे निम्म्या मुलांतच टिकलं. १४ महिन्यांच्या पुढे ते पाचातल्या चारांत टिकलं. पण मदत निदानाच्या आधी घेता येते, आणि हे मी तुम्हाला अधोरेखित करून सांगते. ऑस्ट्रेलियात ९ ते १४ महिन्यांच्या, काही खुणा दिसू लागलेल्या १०३ बाळांपैकी काहींच्या पालकांना बाळाबरोबरच्या त्यांच्याच खेळाची व्हिडिओ दाखवून शिकवलं गेलं : बाळ कुठे इशारा करतंय, तुम्ही कुठे चुकवलात, कुठे थांबायला हवं होतं. पाच महिने हे चाललं. तिसऱ्या वर्षी त्या गटातल्या ७ टक्के मुलांत ऑटिझमचं निदान बसत होतं. ज्यांना नेहमीचीच सेवा मिळाली त्यांच्यात २१ टक्के. हे २०२१ मध्ये छापून आलं. अभ्यास लहान आहे, त्यावरून हमी द्यायला मी धजणार नाही. पण बाळाच्या इशाऱ्याला उत्तर द्यायला शिकण्यात तोटा कुणाचाच होत नाही. मुलीच्या थेरपिस्टना विचारा, धाकट्यासाठी अशी दोन-चार सत्रं घ्याल का. आणि बाराव्या महिन्यात तपासणीची वेळ आत्ताच ठरवून ठेवा.

प्रश्न : भाच्याला नुकतंच ऑटिझमचं निदान झालं. घरात रोज नवा दोषी सापडतो : लस, मोबाइल, घरात बोलल्या जाणाऱ्या दोन भाषा, आणि शेवटी ताईने म्हणे त्याला लळाच लावला नाही. यातलं खरं किती? – मामा

उत्तर : लस : नाही. लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा, १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १२ मुलांवर आलेला लेख त्यांनीच २०१० मध्ये मागे घेतला, आणि डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांचा मागोवा घेऊन २०१९ मध्ये पुन्हा हेच सिद्ध झालं की गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीने ऑटिझम होत नाही. खुणा दिसायचं वय आणि ती लस द्यायचं वय साधारण एकच, म्हणून गाठ घातली जाते. दोन भाषा : नाही. बंद करू नका, आजी-आजोबांची भाषा तोडून मुलाला आणखी एकटं पाडाल. मोबाइल : त्याने ऑटिझम होत नाही, पण तो हातात असताना मुलाशी बोलणं होत नाही, म्हणून कमी कराच. लळा : ताईंना सांगा, ‘थंड आई’चा हा सिद्धांत विसाव्या शतकाच्या मध्यात फार चालला, १९६४ मध्ये मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी तो खोडून काढायला घेतला. ते स्वतः ऑटिझम असलेल्या मुलाचे वडील होते. तुम्ही मामा आहात, तर एक रविवार भाच्याला घेऊन बाहेर पडा आणि ताईला झोपू द्या. दोषींची यादी करणाऱ्यांनाही पांगवता येईल.

प्रश्न : बाळ १० आठवडे आधी जन्मलं. आता १८ महिन्यांचं. फॉर्म कुठल्या वयाचा भरायचा?

उत्तर : दोन वर्षांपर्यंत वय दुरुस्त करून मोजायचं. १८ महिन्यांतून १० आठवडे वजा करा, साधारण साडेपंधरा महिने येतात. म्हणजे अजून दोन-तीन आठवडे थांबा आणि मग भरा. वेळेआधी जन्मलेल्या बाळांत ऑटिझमचं प्रमाण काहीसं जास्त असतं, म्हणून टाळू मात्र नका.

प्रश्न : नातू २३ महिन्यांचा. दीड वर्षाचा असताना डॉक्टरांनी फॉर्म भरून घेतला, त्यात तो पास झाला. तेव्हा सात-आठ शब्द बोलत होता, ‘आजी’सुद्धा म्हणायचा. गेले दोन-अडीच महिने एकेक शब्द बंद होत गेला. हाक मारली तर बघत नाही, गाडीचं चाक फिरवत बसतो. मुलगा म्हणतो, ‘आई, मीही तीन वर्षांनी बोललो, तूच सांगायचीस. आणि टेस्टमध्ये पास झालाय ना?’ सून गप्प असते. मी काय करू? – आजी

उत्तर : आजी, तुमचं पत्र मी सगळ्यात शेवटी ठेवलं, पण घाई तुमच्याच नातवाची आहे.

‘पास’ हा शब्द या फॉर्मला लावूच नये. १९९० च्या दशकात ब्रिटनमध्ये १६ हजारांवर मुलांची दीड वर्षाला चाचणी झाली आणि पुढे सहा वर्षं मागोवा घेतला, तर पुढे निदान झालेल्यांपैकी ३८ टक्केच त्या वेळी सापडले होते. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका मुलांच्या रुग्णालयाने २०१९ मध्ये सुमारे २६ हजार मुलांचा हिशेब मांडला, तिथेही ३९ टक्के. दहातली सहा मुलं त्या दिवशी ‘कमी जोखीम’ घेऊन घरी गेली होती. काहींच्या खुणा तेव्हा उमटल्याच नव्हत्या, काहींच्या पालकांनी फॉर्म मायेने भरला होता. म्हणूनच अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटना एकदाच करा म्हणत नाही, १८ आणि २४ अशा दोन्ही महिन्यांना करा म्हणते. तुमच्या नातवाची दुसरी वेळ तशीही आलीच आहे.

आता मुलाचा मुद्दा. तो तीन वर्षांनी बोलला असेल. पण बोलायला लागून मग बोलणं हरवून बसला होता का? एवढं एकच विचारा त्याला. उशिरा बोलणं आणि आलेले शब्द जाणं या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात थोडं थांबण्यावर डॉक्टरांत वाद होऊ शकतो, दुसऱ्यात नाही. कुठल्याही वयात आलेले शब्द, टाटा करणं, नजर देणं गेलं, तर वाट बघायची नाही. ऑटिझम असलेल्या मुलांपैकी चारात एक ते तीनात एक मुलात असं मागे जाणं दिसतं, बहुतेकदा १५ ते २४ महिन्यांच्या दरम्यान. याला दुसरी कारणंही असू शकतात. डॉक्टर कान तपासायला सांगतील, झटके येतात का, मध्येच टक लावून हरवतो का, हे विचारतील. तेवढ्यासाठीही लवकर जायला हवं.

सून गप्प आहे म्हणता. माझा अनुभव असा की गप्प असलेल्या आईला बहुधा सगळ्यांच्या आधी दिसलेलं असतं. घरात चारजणांसमोर विषय काढू नका, तिच्याशी एकटीशी बोला. ‘तुझं काही चुकलं’ याचा वासही येऊ देऊ नका. ‘मला तो आजी म्हणत नाही हे खुपतंय, तुला काय दिसतं?’ एवढंच विचारा आणि मग ऐका.

मुलाला वादाने पटवू नका, जुनी व्हिडिओ काढा. १९९४ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या ज्युली ऑस्टरलिंग आणि जेराल्डिन डॉसन यांनी घरगुती पहिल्या वाढदिवसांच्या टेप तपासल्या होत्या. ११ मुलं पुढे ऑटिझम निघालेली, ११ नसलेली. चेहऱ्यांकडे बघणं, बोट करणं, वस्तू दाखवणं, नावाला वळणं, एवढ्यावरून बराच फरक कळत होता. तुमच्या घरात तर फोन भरलेले असतील. ‘आजी’ म्हणतानाची, नावाला वळतानाची दीड वर्षाची दोन-तीन व्हिडिओ शोधा. मग या आठवड्यात तो खेळत असताना, कुणी शिकवत नसताना, पाच मिनिटांची नवी घ्या. हाक मारतानाचीही. चाक फिरवताना थांबवू नका, तसंच टिपा. दोन्ही मुलाला एकामागोमाग दाखवा आणि काही बोलू नका. डॉक्टरांकडेही हीच न्या. दवाखान्यात मूल बुजतं किंवा नेमकं त्या दिवशी छान हसतं, आणि अर्ध्या तासात आम्हाला जे दिसत नाही ते त्यात दिसतं.

विकासतज्ज्ञांची वेळ मिळायला महिने लागतात, म्हणून वेळ मागून ठेवा आणि दरम्यान कानाची तपासणी आणि स्पीच थेरपी सुरू करा. त्यासाठी निदानाचा कागद लागत नाही. वेळ कशासाठी हवी असं विचारलं की ‘बोलत नाही’ असं सांगू नका. ‘आलेले शब्द गेले’ असं सांगा. हे ऐकल्यावर बहुतेक ठिकाणी वेळ लवकरची मिळते.